झेडमधली माणसं

पेंटर गेले तेव्हा मला आधी रडू आलं नाही, राग आला. स्टँडसमोरच्या चौकात त्यांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला होता आणि त्यावर फोटो कुठला, तर आधार कार्डावरचा! डोळे वटारलेले, मान आखडलेली, एक कान कापला गेलेला. ज्या माणसानं अख्ख्या कडेगावात कुणाचा असला फोटो चौकात लागू दिला नाही, त्याच्या वाट्याला हे यावं? समोरच्या दुकानवाल्यांनी घाईत उरकलेलं काम होतं. मी तिथंच उभी राहून त्यांना चार शब्द सुनावले. ते म्हणाले, "ताई, दुसरा फोटूच न्हाई वो त्यांचा." मग मात्र मला रडू आलं.

दत्तात्रय हे त्यांचं नाव कागदावरच. गावाला ते पेंटर. पूर्वी दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची नावं रंगवायचे. फ्लेक्स आले, ब्रश वाळले, आणि पन्नाशीच्या माणसानं एका बोटानं कॉम्प्युटर शिकून घेतला. माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान त्यांच्या शेजारी. मधे प्लायवूडची भिंत. तिकडे पेंटर खाकरले तरी इकडे मला कळायचं, आणि मी गिऱ्हाइकावर तोंड सोडलं की पलीकडून आवाज यायचा, "ताई, पानी प्या जरा." मी फलटणची, लग्न होऊन इथं आलेली, बीएस्सी कॉम्प्युटर. माझ्या शिक्षणाचा उपयोग सासरी कुणी केला नाही, पेंटरांनी केला.

गिऱ्हाइकाशी त्यांचं वागणं म्हणजे तऱ्हाच. वाढदिवसाचा फ्लेक्स करायला कुणी गॉगल घातलेला फोटो घेऊन आला की ते स्क्रीनकडे बघत बसायचे आणि म्हणायचे, "डोळं कुटं हायती? मला मानूस वळखंना." कुणी म्हणालं, नावापुढं भावी सरपंच लिहा, तर गंभीरपणे विचारायचे, "घरात इचारलंय का?" हसायचे मात्र नाहीत. मी भिंतीपलीकडे तोंडावर हात धरून बसायची.

सगळं सुरू झालं ते एका फजितीतून. सदातात्या म्हणून एक वयस्कर गृहस्थ वारले. घरच्यांनी फोटो दिला तो नातवाच्या वाढदिवसातला. पेंटरांनी कामाच्या घाईत तो कापला, पाठीमागं निळं आभाळ लावलं, खाली भावपूर्ण श्रद्धांजली लिहिलं आणि प्रिंटला पाठवलं. फ्लेक्स चौकात चढला तेव्हा दिसलं, की तात्यांच्या मिशीला केकची क्रीम आहे आणि कुणाचा तरी हात कोपऱ्यातून केकचा तुकडा त्यांच्या तोंडाशी धरतोय. दहाव्याला निघालेली माणसं थांबून बघायला लागली. हसू नये म्हणून ओठ दाबलेले, तरी खांदे हलत होते. पेंटर स्वतः शिडी लावून चढले, फ्लेक्स उतरवला, गुंडाळी काखेत मारून तात्यांच्या घरी गेले आणि त्यांच्या म्हाताऱ्या बायकोच्या पाया पडले. ती बिचारी म्हणाली, "जाऊ द्या, त्यास्नी ग्वाड आवडायचं." त्यानं पेंटरांना जास्तच लागलं.

मग त्यांनी दुकानाच्या कोपऱ्यात एक खुर्ची ठेवली, मागं राखाडी चादर टांगली आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांचे फोटो आधीच काढून ठेवायला लागले. जाहिरात नव्हती, पण बातमी बरोबर पोचली. दुपारचं सामसूम असताना कुणी आजोबा धुतलेला फेटा पिशवीतून घेऊन यायचे, कुणी आजी सुनेला दवाखान्यात जाते म्हणून सांगून यायची. बसायचे, फोटो काढायचा, आणि पेंटर प्रत्येकाला तेच सांगायचे: "ह्यो फोटू येकच ऱ्हानार. तुमी हाय तवर कुनाच्या डोळ्याला पडनार न्हाई. गेलात की येकडाव चौकात, मग माझ्याकडनंबी पुसून टाकनार."

पूर्वेकडच्या कोरड्या गावातली हिराआक्का आली होती तो दिवस मला आठवतो. सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला, पायात जाड वहाणा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. खुर्चीवर बसली आणि विचारते कशी, "व्हय रं पेंटर, मेल्यावर हसायचं असतं का न्हाई?"

"थोडं हसा आक्का. लोकं रस्त्यानं जात्यात, घाबरू नयेत."

"मग आसं?" म्हणून तिनं दाखवलं, ते बघून मी पाणी द्यायला गेलेली तिथंच हसत सुटले. तिलाही हसू आलं. नेमका त्या वेळी पेंटरांनी फोटो काढला. इतका जिवंत फोटो मी दुसरा पाहिला नाही.

पण असले फोटो लपून राहतात होय? एकदा एक गडी स्वतःच्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी आला आणि पेंटरांच्या स्क्रीनवर त्याला स्वतःचा बाप दिसला, झेंडूच्या चौकटीत! बाप तर सकाळी भाकरी खाऊन मळ्यात गेलेला. त्यानं पेंटरांची कॉलर धरली. "माझा बाप जित्ता हाय रं अजून! कुनी सांगितलं तुला?" आता सांगितलं होतं बापानंच, पण बापाला शब्द दिलेला, तेव्हा पेंटर काही बोलले नाहीत. शिव्या ऐकून घेतल्या, शर्टाचं तुटलेलं बटण उचलून खिशात टाकलं आणि माझ्याकडे आले.

"ताई, ह्या मान्सास्नी कुटंतरी दार लावून बसवा."

मी त्यांना झेड ड्राइव्ह करून दिला. गोष्ट सोपी असते. कॉम्प्युटरवर एक मोठी फाइल तयार करायची. बाहेरून बघितली तर नुसता कचरा, कुणाच्या बापाला वाचता येणार नाही. पासवर्ड घातला की तीच फाइल नव्या ड्राइव्हसारखी उघडते. आत फोटो ठेवायचे, बंद केली की पुन्हा कचरा. तिला मी झेड हे अक्षर दिलं, आणि गरजेप्रमाणे वाढत जाईल अशी केली. पेंटर खूश झाले. गावातल्या म्हाताऱ्यांतही झेडचं नाव झालं. "आपलं काय, आपुन झेडात बसून आलोय," असं पारावर एकमेकांना सांगायचे, नवी सून आल्यासारखं कौतुकानं. कुणी वारलं की पेंटर झेड उघडत, फोटो बाहेर काढत, फ्लेक्स करत, आणि आतला पुसून टाकत. झेडमध्ये फक्त जिवंत माणसं राहतील, हा त्यांचा नियम.

पुढं झेड उघडायला वेळ लागू लागला. फोटोवर टिचकी मारली की पेंटरांनी चष्मा पुसून होईस्तोवर तो यायचा नाही. मी जाऊन डिस्कचा नकाशा उघडला. सगळा पडदा बारीक चौकोनांनी भरलेला, आणि त्यात लाल रंग जिकडेतिकडे शिंपडलेला. मी त्यांना समजावलं. वऱ्हाड मोठं आलं आणि एका घरात मावलं नाही, तर आपण ते चार घरी झोपवतो, आणि जेवायला बोलवायचं तर चार दारं हिंडावी लागतात, तसं फाइलचं होतं. एक फोटो पुसला की तेवढी जागा मोकळी होते. नवा फोटो त्या मोकळ्या जागांत तुकडे करून बसवला जातो. झेडच्या आत हे चाललेलं, आणि बाहेर तुमचे वाढदिवसाचे अवाढव्य फ्लेक्स रोज येतात नि जातात, त्यामुळं ही झेडची फाइलसुद्धा वाढताना मिळेल त्या खाचेत तुकड्या-तुकड्यानं बसलीय.

पेंटरांनी एका लाल चौकोनावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "म्हंजे ताई, जो मानूस गेला, त्याच्या जागंवर आता जित्त्या मान्साचा तुकडा बसलाय?"

"तसंच," मी म्हटलं. मला काय, दारात गिऱ्हाईक उभं होतं.

"हिराआक्काचा कान येकाच्या जागंत, आन् कपाळ दुसऱ्याच्या?"

तेव्हा मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. माणूस पांढरा पडला होता. मी सांगितलं, अहो असं नसतं, हे सगळं आकड्यांचं असतं. पण एकदा डोक्यात बसलं ते बसलं. तुकडे गोळा करून फाइल एका जागी लावण्याची सोय कॉम्प्युटरमध्ये असते, डीफ्रॅग म्हणतात तिला. ती शिकवल्याशिवाय त्यांनी मला उठू दिलं नाही. आधी झेड उघडायचा आणि आतले फोटो लावून घ्यायचे. मग झेड बंद करायचा, आणि मगच बाहेरच्या अख्ख्या डिस्कचे तुकडे गोळा करायचे, कारण झेड उघडा असेल तर त्याची फाइल जागची हलवता येत नाही. त्यांनी ते त्यांच्या भाषेत पाठ केलं: "आदी घरातली मान्सं, मग घर."

अमावास्या हा त्यांचा ह्या कामाचा दिवस ठरला. त्या दिवशी कुणी शुभेच्छांचा फ्लेक्स टाकायला येत नाही, कॉम्प्युटर मोकळा असतो. सकाळी अर्धं शटर ओढायचे, चपला बाहेर, टोपी काढून मांडीवर. मी डोकावून चिडवायची, "काय पेंटर, आज मेळावा?" ते मान वर करायचे नाहीत. चौकोन एकेक करून सरकायचे, आणि स्क्रीनवरच्या खिडकीच्या तळाला कुठली फाइल हलते आहे तिचं नाव यायचं. पेंटर ते नाव ओठांत म्हणायचे. सगळं झालं, झेड बंद केला, की म्हणायचे, "निजा आता." प्लायवूडच्या पलीकडून ते ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा, खोटं कशाला बोलू.

एका अमावास्येला हिराआक्काचं नाव तळाला आलं आणि हलेचना. मोठी फाइल असेल, मी म्हटलं. पेंटर उठले, गाडीला किक मारली आणि तिच्या वस्तीवर जाऊन आले. ती शेंगा भाजत बसली होती. "मेली का न्हाई बगाया आलास व्हय रं मुडद्या?" म्हणून तिनं त्यांना शेंगा खायला घातल्या. पेंटर ओंजळभर माझ्यासाठीही घेऊन आले, त्या दिवशी त्यांच्याइतका आनंदी माणूस तालुक्यात नसेल. पुढच्या आठवड्यात हिराआक्का गेली. आता तिचं वय काय, तब्येत काय, केव्हाही जायचीच. मी हे पेंटरांना दहा वेळा सांगितलं. स्वतःला किती वेळा सांगितलं ते विचारू नका.

अशात सागर सुट्टीवर आला. पेंटरांचा एकुलता एक, फौजेत. बायको आधीच गेलेली, तेव्हा बापलेक दोघंच. त्याची बदली वर बर्फातल्या चौकीवर झाली होती. निघायच्या आदल्या दिवशी तो कडक इस्त्रीचा युनिफॉर्म घालून दुकानात आला आणि त्या राखाडी चादरीपुढं बसला.

"आबा, काडा."

"ऊठ तितनं," पेंटर म्हणाले.

"आवं, सगळीच पोरं काडून ठिवत्यात. उगंच मोबाईलवरला कसलातरी फोटू लावतील आन् मग तुमालाच वाईट वाटंल. तुमी काडल्याला असू द्या."

भिंतीपलीकडे मी हातातलं काम थांबवलं. चादरीच्या सुरकुत्या काढल्याची सळसळ ऐकू आली. मग कॅमेऱ्याचा आवाज आला, एकदाच. दुसरा फोटो पेंटरांनी काढला नाही.

त्या दिवसापासून ते अमावास्येची वाट बघेनासे झाले. जरा मोकळा वेळ मिळाला की डीफ्रॅग. पोराचा फोटो कुणा मेलेल्याच्या जागेत सरकता कामा नये, बस्स. मी म्हटलं, मग पुसून टाका ना. तर म्हणाले, "जित्त्याचा कसा पुसू? पुसायचं कवा, ते ठरल्यालं हाय." ठेवलं तर जीव जातो, पुसलं तर त्याहून वाईट. डिस्क बिचारी जुनी, सारखी वाचून-लिहून टिकटिक करायला लागली. मी भडकले. "अहो पेंटर, हे थांबवा. नवीन डिस्क आणू, झेडची फाइल उचलून तिच्यावर कॉपी करू. नव्या जागेत आपोआप सलग बसते ती. आणि एक कॉपी जास्तीची ठेवा."

"येकाचं दोन करायचं न्हाई ताई. शबूद दिलाय. असला फोटू दोन ठिकानी म्हंजे मान्साला दोनदा हाक मारल्यागत हुतंय."

मी कपाळाला हात लावला आणि माझ्या दुकानात गेले.

मग ती सकाळ. मी अजून शटरही पुरतं वर केलं नव्हतं, तोवर त्यांनी हाक मारली. हाक कसली, नुसता आवाज. खिडकीच्या तळाला सागरचं नाव आलेलं, आणि डिस्क टिक, टिक करत एकाच जागी अडकलेली.

"थांबवा," मी म्हटलं.

"अर्दा हिकडं आलाय, अर्दा तितंच हाय. मदीच कसं थांबवू?" एका हातानं ते सागरला फोन लावत होते. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. पुन्हा तेच. एवढ्यात लाइट गेली. यूपीएस चार वेळा केकाटला आणि गप्प झाला. लाइट परत आली, पण डिस्क काही उठली नाही.

सांगलीत असल्या डिस्का उघडणारा एक माणूस मला माहीत होता. तीन दिवस त्याच्याकडे डिस्क ठेवली. त्या तीन दिवसांत सागरचा फोन लागला नाही, आणि पेंटरांनी अन्नाला हात लावला नाही. वर बर्फात रेंज नसते, तीन-चार दिवस कळत नाही, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. तरी प्रत्येक वेळी फोन ठेवला की माझ्याकडे बघायचे, जणू मलाच काही कळलंय आणि मी लपवतेय.

तिसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं सांगलीला गेलो. त्या माणसानं डिस्क टेबलावर ठेवली. म्हणाला, कुठला तुकडा कुठं आहे ह्याची यादी डिस्क स्वतःजवळ ठेवते, ती यादीच खराब झालीय. साधे फोटो असते तर तुकडे ओळखून जोडले असते. हे सगळं पासवर्डच्या आतलं, म्हणजे कचऱ्यात कचरा, कुठला तुकडा कुणाचा ते सांगता येत नाही. "ही मोठी फाइल एका जागी सलग असती ना, तर उचलून दिली असती."

ती तशी नव्हती. आतली माणसं लावता लावताच डिस्क गेली होती, घर लावायची पाळीच आली नव्हती. पेंटरांनी मान हलवली, डिस्क कापडी पिशवीत घातली आणि मला म्हणाले, "घाटावर जाऊन येऊ."

कृष्णेचं पाणी संथ होतं. पायऱ्यांवर दोन-तीन कुटुंबं आपापलं कार्य करत होती. पेंटर चपला काढून खालच्या पायरीपर्यंत गेले, पिशवीतून डिस्क काढली आणि हातात धरून उभे राहिले. मी मागून म्हटलं, "सोडा पेंटर. सुटाल त्यातून."

"सोडतो," म्हणाले. हात पुढं केला. मग वळून माझ्याकडे बघितलं. "ताई, पन ही सगळी जित्ती मान्सं. जित्त्या मान्साचं हितं काय काम? सागर हाय ह्यात."

त्यांनी डाव्या हातानं फोन काढला आणि परत लावला. ह्या वेळी रिंग गेली. शांततेत मला पायरीवरून पलीकडचा आवाज ऐकू आला.

"हॅलो आबा! आवं, किती मिस्ड कॉल! आत्ताच खाली आलो. बरं हाय न्हवं?"

पेंटर ओल्या पायरीवरच बसले.

"आबा? ऐकू येतंय का?"

"बोल. बोलत ऱ्हा."

सागर बोलत राहिला. थंडी, शिळी भाजी, कुणाचा तरी मोडलेला स्टोव्ह. पेंटर डोळे मिटून ऐकत होते. मग तिकडून तो हसत हसत म्हणाला, "उद्या परत वर जायचंय. आबा, माझा फोटू हाय न्हवं नीट?"

उजव्या हातात ती मेलेली डिस्क. पेंटरांनी तिच्याकडे पाहिलं.

"हाय की. येका जागी हाय समदा."

"मग काय काळजी न्हाई."

परतीच्या गाडीत ते पिशवी मांडीवर घेऊन बसले. कडेगावच्या स्टँडवर उतरलो तेव्हा त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. "तुमी ठिवा. माझ्या घरात असली तर त्याच्याशी बोलताना माझ्याच्यानं खोटं रेटायचं न्हाई." मी घेतली. म्हटलं, आता घरी जा, दोन घास खा. ते म्हणाले, "आदी समद्यास्नी सांगून येतो." सगळ्यांना, म्हणजे झेडमध्ये जे जे बसले होते त्यांना, दारोदार जाऊन.

पहिली गाठ तिथंच पडली. चहाच्या टपरीच्या बाकावर शिवाबापू बसले होते, नव्वदीला आलेले, काठीवर हनुवटी टेकून. पेंटर त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि टोपी काढली.

"बापू, तुमचा फोटू गेला. माझ्याकडनं ऱ्हायला न्हाई."

बापूंनी कानावर हात धरून ते परत ऐकलं. मग बोळकं उघडून हसले. "मंग आता रं? आता मरायची पंचाईत की आमची!"

"व्हय बापू. आता कुनी मरायचं न्हाई."

टपरीवरची सगळी माणसं हसली. पेंटर हसत नव्हते. पंधरा दिवसांनी ते झोपेतच गेले, पण मला ते आठवतात ते तिथं, बापूंसमोर हात जोडून उभे असलेले, आणि बापू होय म्हणेपर्यंत तिथून न हललेले.